अंदाज नव्हे, माप

मानकोलीच्या गोदामांतून माल निघतो तो मोजूनमापून. वजन, नग, भाव यांची नोंद झाल्याखेरीज कोणताही जाणता व्यापारी पावतीवर सही करीत नाही. परंतु त्याच घरातील सून बाळंत होते, तेव्हा तिच्या अंगातून किती रक्त गेले, हे अनेक ठिकाणी केवळ नजरेने ठरविले जाते. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावावर परिणामकारक औषधे उपलब्ध असूनही उपचार कधी कधी अपयशी का ठरतात, या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात इथेच होते.

बेळगावची पिशवी

नजरेची ही चूक मोजली गेली ती आपल्या सीमाभागात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील सहकाऱ्यांसमवेत २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. बाळंतपणे गावोगावच्या परिचारिका करीत. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्याने अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. या कामासाठी बाळंतिणीखाली अंथरावयाची, मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी तयार करण्यात आली. तिच्याशी ताडून पाहता नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला.

हीच कल्पना पुढे आफ्रिकेतील चार देशांत, ८० रुग्णालयांत वापरली गेली. रक्त पिशवीत मोजायचे आणि मर्यादा ओलांडताच गर्भाशयाचे मर्दन, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन व तपासणी हे सर्व उपाय एकदमच सुरू करायचे, अशी ही पद्धत. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यातून होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटले.

उपचार कोठे अडतो?

दिवस भरताना गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळले की त्याचे स्नायूच रक्तवाहिन्यांची तोंडे दाबून धरतात. ते सैल राहिले की रक्त थांबत नाही; बहुतांश रुग्णांत कारण हेच असते. मात्र जननमार्ग फाटला असेल किंवा वारेचा तुकडा आत राहिला असेल, तर गर्भाशय आवळणारे औषध एकटे पुरे पडत नाही. कारण शोधण्यात वेळ गेला, तर रक्त गोठविणारी द्रव्येही संपत जातात.

औषधाची साठवणही तितकीच महत्त्वाची. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. उष्णतेत त्याची शक्ती घटते आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा लाभ प्रसूतीनंतर पहिल्या तीन तासांतच मिळतो, आणि प्रत्येक पंधरा मिनिटांच्या विलंबागणिक तो सुमारे दहा टक्क्यांनी ओसरतो. त्यातच बाळंतीण आधीच पांडुरोगी असेल, तर थोडा रक्तस्रावही तिला झेपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आहेत.

कुटुंबाने काय करावे?

धान्य-भाज्यांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. म्हणून शाकाहारी घरांत हिमोग्लोबिनची तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांत हयगय नसावी. सातव्या महिन्यातच रुग्णालयात विचारावे : रक्तस्राव मोजला जातो का? रक्त कोठून व किती वेळात मिळते? येथे सोय नसल्यास कोठे हलविणार? मानकोली नाक्यावरील अवजड वाहतूक ध्यानी घेऊन रात्रीचा मार्ग व वाहनही आधीच ठरवावे.

घरी परतल्यावर तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, मोठ्या गाठी पडणे, भोवळ, घाम, धाप वा फिकटपणा यांपैकी काहीही दिसले, तर वडीलधारे दुकानातून येण्याची वाट पाहू नये. असा रक्तस्राव बाळंतपणानंतर काही आठवड्यांनीही उद्भवू शकतो. समाजाच्या रक्तदान शिबिरात दिलेली पिशवी अशाच एखाद्या रात्री कामी येते.

व्यापारातील तूट पुढच्या हंगामात भरून निघते. बाळंतिणीच्या अंगातून जाणाऱ्या रक्ताचा हिशेब मात्र त्याच घडीला मांडावा लागतो.