उंदरांचा पिंजरा

उंदरांचा पिंजरा हे घरातील व परसबागेतील उंदीर आणि घुशी जिवंत पकडण्याचे साधन आहे. महाराष्ट्रात तो पूर्वीपासून लाकडी पेटीच्या रूपात वापरला जातो. तारेच्या जाळीचे पिंजरेही मिळतात. विषाने किंवा चिकट पुठ्ठ्याने उंदराला मरण येते ते हाल होऊन, शिवाय विष खाऊन मेलेला उंदीर मांजराच्या किंवा घुबडाच्या पोटात गेल्यास त्यांनाही बाधा होऊ शकते. पिंजऱ्याने हे टळते. मात्र तो दयाळू ठरणे न ठरणे लावणाऱ्याच्या दक्षतेवर अवलंबून असते.

रचना

सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद व उंच पेटी घरउंदराला पुरते. घुशीचे वजन अर्ध्या किलोहून अधिक भरू शकते, म्हणून तिला मोठी व भक्कम पेटी लागते. पेटीच्या तोंडाशी वर सरकणारी झडप असते. छतावरील खुंटीवर एक दांडी तोललेली असते. तिचे एक टोक दोरीने झडपेला बांधतात, दुसरे छतातील भोकातून आत लोंबणाऱ्या आकड्यात अडकवतात. आकड्याला भजे, सुके खोबरे किंवा भाकरीचा तुकडा टोचतात. तो ओढला जाताच आकडा सुटतो, दांडी उसळते आणि झडप पडते. उंदीर नाकाने झडप उचलू शकतो, त्यामुळे तिला अडसर हवाच. ताठ स्प्रिंगच्या झडपेत शेपटी चेंगरते.

वापर

उंदीर भिंतीच्या कडेने फिरतो आणि नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री झडप बांधून नुसतेच आमिष ठेवावे. पिंजरा सावलीत असावा व पहाटेच पाहावा. उन्हात कोंडलेला प्राणी लवकर दगावतो. चिचुंद्री अनेकदा चुकून सापडते. ती उंदीर नव्हे, कीटकभक्षी आहे; तिला वारंवार खावे लागत असल्याने दीर्घ कोंडणे तिच्या जिवावर बेतते. तिला तेथेच सोडावे. मुंगूस अडकल्यास त्यालाही तत्काळ मोकळे करावे, कारण १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने तो संरक्षित आहे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पिंजरा हातमोजे घालूनच हाताळावा आणि नंतर धुऊन उन्हात वाळवावा.

सुटकेचा प्रश्न

पकडलेला उंदीर दूर नेऊन सोडला की काम संपले, असा समज आहे. अनोळखी जागी बीळ व अन्न ठाऊक नसल्याने तो बहुधा फार काळ जगत नाही; मादी असल्यास मागे बिळातील पिले उपाशी मरतात. दुसऱ्याच्या वाडीत सोडणे तर उपद्रव हस्तांतरित करणेच होय. त्यामुळे गळलेली फळे उचलणे, खताचा खड्डा झाकणे व भिंतीतील भोके बुजवणे ही कामे पिंजऱ्याच्या आधी करावी लागतात.