बाकी एक : आयबॅनच्या लांब आकड्यातली राखण

अल कुसैस हा दुबईचा, शारजाला लागून असलेला भाग. आपल्यापैकी कुणाचा मुलगा किंवा नात तिथे नोकरीला असेल आणि आपण लोद, दिमोना किंवा अश्दोदला राहत असू, तर पैसे पाठवताना बँक एक लांबलचक क्रमांक मागते. तो आयबॅन. अमिरातीचा आणि इस्राएलचा, दोन्ही आयबॅन २३ जागांचे असतात. भारतात मात्र आयबॅन नाही. तिथे खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लागतो.

एवढा मोठा क्रमांक लिहिताना हात कापतो. एक आकडा चुकला तर पैसे भलत्याच्याच खात्यात जातील का? ही चूक पकडण्याची सोय त्या क्रमांकातच केलेली आहे आणि ती शाळेतल्या भागाकाराची आहे.

अमिरातीच्या आयबॅनमध्ये आधी ए आणि ई ही दोन इंग्रजी अक्षरे, मग तपासणीचे दोन आकडे, मग बँकेचे तीन आणि खात्याचे सोळा आकडे येतात. एक नमुना घेऊ : एई ०७ ०३३ १२३४५६७८९०१२३४५६. संगणक पहिल्या चार जागा उचलून शेवटी ठेवतो आणि अक्षरांचे आकडे करतो. हिब्रूत आलेफ म्हणजे १, योद म्हणजे १०, हे आपल्याला ठाऊकच आहे. इथे मोजणी १० पासून सुरू होते : ए म्हणजे १०, ई म्हणजे १४. मग २५ आकड्यांची ही रांग तयार होते :

०३३१२३४५६७८९०१२३४५६१०१४०७

हिला ९७ ने भागा. पाटीवर करायचो तसा, एकेक आकडा खाली घेत. बाकी १ उरते. प्रत्येक खऱ्या आयबॅनची बाकी १ च येते. तपासणीचे दोन आकडे त्याच हिशेबाने ठरवलेले असतात.

आता खात्याच्या शेवटी ५६ ऐवजी ६५ लिहा. बाकी ५० येते आणि क्रमांक नाकारला जातो.

९७ च का? ती मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः ९७ सोडून तिला कशानेही भाग जात नाही. दोन आकडी मूळ संख्यांत ती सर्वांत मोठी. एखादा आकडा चुकला, तर संख्येत पडणारा फरक ४००० किंवा ७०००० असा, म्हणजे एक आकडा आणि पुढे शून्ये, असतो. शेजारचे दोन आकडे उलटे झाले, तर फरक नऊच्या पाढ्यातला, ९ ते ८१ पैकी एक, आणि पुढे शून्ये. यांपैकी कशालाच ९७ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणून बाकी बदलतेच. या दोन चुका कधीच निसटत नाहीत. क्रमांक अगदीच अंदाजाने लिहिला, तर मात्र ९७ पैकी साधारण एखादा निसटू शकतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही राखण चुकीपासून आहे, लबाडीपासून नाही. ठकाच्या खात्याचा आयबॅनही खराच असतो. त्याचीही बाकी १ च येते. म्हणून "आजी, माझं खातं बदललंय, आता या क्रमांकावर पाठव" असा निरोप आला, तर आधी नातवाला त्याच्या जुन्या, आपल्याला माहीत असलेल्या फोनवर विचारा. आकडा खरा आहे का, ते संगणक सांगेल. तो आपल्याच माणसाचा आहे का, ते आपणच विचारायचे.