लाकडात कोरलेली शेती

हरेन दास (१९२१–१९९३) हे बंगालचे मुद्राचित्रकार. जन्म दिनाजपूरचा, शिक्षण आणि पुढे अध्यापन कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत. नांगर, गुरं, मासेमारी, पाण्याकाठची झाडं हे त्यांचे विषय. त्यांनी रंगीत ठसेही घेतले, पण मला त्यांचं काळं-पांढरं काम जास्त भावतं.

हे वुडकट, म्हणजे लाकडात कोरून छापलेली चित्रं. वुडकटचा हिशेब उलटा असतो. जे कोरून काढलं ते कागदावर पांढरं राहतं. जे शाबूत राहिलं त्याला रुळाने शाई लागते आणि तेच काळं उमटतं. म्हणजे ऊन दाखवायचं तर लाकूड काढायचं. चित्रही आरशासारखं उलटं येतं, त्यामुळे बैल उजवीकडे चालायला हवे असतील तर ठशावर ते डावीकडे कोरावे लागतात. चुकून उडालेला कपचा परत बसवणं कठीण, म्हणून हात जपूनच चालतो.

फळीच्या उभ्या रेषांवर कोरलं तर जाडसर, ठसठशीत रेघा येतात. ओंडक्याच्या आडव्या छेदावर कोरणी सगळीकडे सारखीच फिरते, आणि केसाइतकी बारीक पांढरी रेघ निघते. दासांच्या चित्रांतलं चमचमतं पाणी अशा बारीक रेघांतून येतं.

त्यांच्या खेड्यात भूक मात्र फारशी दिसत नाही. ती पाहायची तर मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांच्याकडे जावं. १९४६ मध्ये ते रंगपूरला तेभागा आंदोलनात गेले. पिकाच्या तीनपैकी दोन हिस्से मागणाऱ्या बटाईदारांची त्यांनी रेखाटनं केली आणि त्यांवरून पुढे वुडकट कोरले.