'लाही' आणि 'पॉपकॉर्न' : झाडीपट्टीच्या संदर्भात एक अर्थविचार

'पॉपकॉर्न' म्हणजे मक्याच्या लाह्या, हा अर्थ निर्दोष आहे. अडचण उलट दिशेने जाताना उद्भवते. 'लाही'साठी सरसकट 'पॉपकॉर्न' योजला, तर विवाहातील लाजाहोमात वधू अग्नीला मका अर्पण करते, असा विपरीत अर्थ निघतो. मका तर अमेरिका खंडातून आलेले धान्य!

'लाही' हे धान्याचे नाव नव्हे. उष्णतेने दाणा फुटून फुलल्यावर त्याचे जे रूप होते, त्याचे ते नाव आहे. म्हणूनच त्यामागे धान्याचे नाव जोडावे लागते. चंद्रपूर जिल्ह्याचा वरोऱ्याकडील पश्चिम भाग कापूस-ज्वारीचा, तर ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून गडचिरोलीपर्यंतची झाडीपट्टी धानाची. अन्यत्र ज्या 'साळीच्या लाह्या', त्या येथे धानाच्या. तुसासकट भाजलेले धान तूस फोडून उमलते. मुरमुरा मात्र तूस काढलेल्या तांदळाचा असतो. भाषांतरकार या दोहोंत सर्रास गल्लत करतात.

संस्कृत 'लाज' शब्दाशी 'लाही'चे नाते आहे. 'रघुवंशा'च्या दुसऱ्या सर्गात दिलीपावर फुले ढाळणाऱ्या वेलींना लाजा उधळणाऱ्या पौरकन्यांची उपमा दिली आहे. लक्ष्मीपूजनातील लाह्या-बत्तासे, नागपंचमीच्या लाह्या ही याच मंगल अर्थाची लौकिक रूपे होत.

इंग्रजीतील 'कॉर्न' हाही मुळात धान्यमात्राचा वाचक. अमेरिकेत त्याचा अर्थसंकोच होऊन तो मक्यापुरता उरला. 'लाही'चे तसे झाले नाही. नवे धान्य आले, तेव्हा 'मक्याच्या लाह्या' म्हणून मराठीने ते सहज सामावून घेतले. पुढे चित्रपटगृहातील विक्रीबरोबर 'पॉपकॉर्न' आला आणि एकाच पदार्थाची दोन नावे झाली : घरी भाजलेल्या लाह्या, पुड्यातले पॉपकॉर्न.

व्याकरणदृष्ट्याही एक भेद लक्षणीय आहे. खाद्य म्हणून हा शब्द बहुधा अनेकवचनी, 'लाह्या' असाच येतो. एकवचन टिकले आहे ते मुख्यतः 'अंगाची लाही लाही होणे' या वाक्प्रचारात. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीत त्यातील रूपक अद्याप झिजलेले नाही. तापल्या भांड्यातील दाण्याची तडफड ते ऐकणाऱ्यास जाणवते. तेथे 'पॉपकॉर्न' घालून पाहावा : 'उन्हाने अंगाचे पॉपकॉर्न झाले' या वाक्यावर श्रोते हसतील, उन्हाची झळ मात्र कोणाला लागणार नाही.