आंतरवासितेचे वीस आठवडे

बी.एड. असो वा डी.एल.एड., दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातले २० आठवडे शाळेत घालवायचे असतात. पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी ही आखणी झाली. त्याआधी बी.एड. एका वर्षाचं होतं आणि ठरलेले पाठ एकदाचे संपवणं, एवढाच शाळेशी मुख्य संबंध येई. या बदलाच्या मुळाशी महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. राज्यातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला, न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि ऑगस्ट २०१२ मधल्या अहवालात आयोगाने प्रशिक्षणाचा काळ वाढवायला सांगितलं. प्रत्येक संस्थेला प्रयोगशाळेसारखी जोडलेली एक शाळा असावी, असंही सुचवलं.

नियमात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. कॉलेजातल्या कामाला ८० टक्के हजेरी चालते. शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के लागते. भर कशावर द्यायचा, हे त्या दोन आकड्यांतच सांगून ठेवलंय. तरीही दरवर्षी कितीतरी छात्राध्यापक हे आठवडे नुसते काढतात. पाठांची संख्या भरते, वही पूर्ण होते, सह्या मिळतात, आणि वर्ग मात्र अनोळखीच राहतो. ही वेळ कशी वापरावी, ते इथे क्रमाने सांगतो.

सुरुवात शाळेबाहेर, कॉलेजातच होते. सूक्ष्म अध्यापन ही पद्धत १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं: सज्जता प्रवर्तन, प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, प्रबलन, फलकलेखन. समोर आपलेच पाच-दहा वर्गमित्र विद्यार्थी म्हणून बसतात. आपल्याकडे रुळलेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं नव्याने आखणी, ६ मिनिटं तोच पाठ पुन्हा, शेवटची ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. यातली मधली १२ मिनिटं सगळ्यात मोलाची, आणि वेळ कमी पडला की नेमकी तीच कापली जातात. मग ऐकलेली सूचना आणि दुसऱ्यांदा घेतलेला पाठ यांच्यात विचार करायला जागाच उरत नाही. तुमच्या कॉलेजात तसं होत असेल, तर तो वेळ मागून घ्या.

अर्थात वर्गमित्र सातवीची मुलं होऊन बसतात तेव्हा ती फार गुणी मुलं असतात. अपेक्षित उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. खऱ्या सातवीत तुमचा पहिला प्रश्न हवेत असतानाच मागच्या बाकावर कंपासपेटीवरून तंटा चालू असतो. म्हणून थेट पाठ घेण्याआधी निरीक्षण. माझ्या मते सगळ्या आंतरवासितेचा पाया इथे आहे, आणि सगळ्यात आळसाने केलं जाणारं कामही हेच.

शाळा आपण सगळ्यांनीच वर्षानुवर्षं पाहिलेली असते, पण बाकावरून. बाकावरून शिक्षकाचं बोलणं दिसतं. त्याने ते का निवडलं, काय टाळलं, कुणाकडे पाहून गती कमी केली, हे दिसत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हेच मांडलं होतं: शिक्षक होणारा माणूस हजारो तास शिक्षक पाहून आलेला असतो, आणि तरी अध्यापनाची आतली बाजू त्याला परकी असते. ती दिसायला लागावी म्हणून हाताला काहीतरी काम हवं. ‘पाठ छान झाला, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला होता’ असली निरीक्षणं कुठल्याही पाठाला लागू पडतात.

पहिलं साधन सोपं आहे. वर्गाच्या बैठकव्यवस्थेचा नकाशा काढा, एका बाकाला एक चौकोन. तासभर इतकंच नोंदवा की प्रश्न कुणाला गेला. ज्याला विचारलं त्याच्या चौकोनात एक रेघ, आपणहून बोलला तर एक ठिपका. तास संपल्यावर कागद पाहा. बहुतेक वेळा रेघा पुढच्या बाकांवर आणि मधल्या रांगेत दाटलेल्या असतात. खिडकीकडच्या कोपऱ्यातले काही चौकोन कोरे राहिलेले असतात. हा त्या शिक्षकांचा दोष म्हणून लिहू नका. तुम्ही उभे राहिलात की तुमचाही नकाशा असाच निघेल, आणि तो मैत्रिणीकडून काढून घेणं हीच पुढची पायरी.

दुसरं साधन घड्याळ. प्रश्न विचारल्यापासून शिक्षक पुन्हा बोलेपर्यंत किती वेळ जातो ते मोजा. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा तो वेळ साधारण १ सेकंद निघाला. तो ३ सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद कागदावर काहीच नाहीत; चाळीस डोळे आपल्याकडे लागलेले असताना ते फार लांब वाटतात. याचा सराव करावा लागतो.

तिसरं साधन पुस्तकात असतं आणि परीक्षेपुरतं पाठ केलं जातं: फ्लँडर्सचं आंतरक्रिया विश्लेषण. दर ३ सेकंदांनी वर्गात काय चाललंय त्याचा एक आकडा लिहायचा. १ ते ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, ८ आणि ९ विद्यार्थ्यांच्या, १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. एका तासिकेतली दहा मिनिटं जरी अशी नोंदवलीत, तरी बोलण्याचा किती मोठा भाग शिक्षकाकडे आहे ते आकड्यांत समोर येतं. व्याख्यानात ऐकून ते पटत नाही.

मग आपला पहिला पाठ येतो. टाचण काढायची रीत कॉलेज शिकवतंच: उद्दिष्टं, प्रास्ताविक, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापनाचे प्रश्न, स्वाध्याय. टाचणाचा साचा बहुतेकांना जमतो. राहून जातं ते मुलं कुठे अडतील याचा आधी अंदाज बांधणं. पाचवी-सहावीला अपूर्णांकांची तुलना शिकवायची आहे असं धरू. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारल्यावर निम्मा वर्ग ठामपणे चतुर्थांश म्हणू शकतो, कारण चार तीनपेक्षा मोठे. हे उत्तर अडाणीपणाचं नाही. पूर्ण संख्यांसाठी खरा असलेला नियम मुलं प्रामाणिकपणे पुढे नेत असतात. टाचणात या उत्तरासाठी जागा ठेवली असेल, तर तुम्ही म्हणाल, ‘बरं, एक भाकरी तिघांत वाटली आणि तेवढीच एक चौघांत वाटली, तर कुणाचा तुकडा मोठा?’ आणि मुलं स्वतःच फळ्याकडे धावतील. जागा ठेवली नसेल, तर तुम्ही ‘चूक, बसा’ म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्या हाताकडे वळाल, कारण पुढचा टप्पा वाट पाहत असतो. म्हणून टाचणाच्या उजव्या बाजूला एक रकाना मोकळा ठेवावा आणि त्यावर लिहावं: ‘मुलं काय म्हणतील’. पाठ झाल्यावर त्याच रकान्यात ती खरोखर काय म्हणाली ते लिहावं. काही आठवड्यांत हा रकाना टाचणापेक्षा जास्त वाचनीय होतो.

पाठानंतरच्या चर्चेबद्दल थोडं. मागे बसलेले मार्गदर्शक घाईत असतात. एका दिवशी त्यांना अनेक पाठ पाहायचे असतात. त्यांच्याकडून ‘आवाज स्पष्ट, फलकलेखन सुधारावे’ असा शेरा मिळाला तर त्यातून काही हाती लागत नाही. त्यावर उपाय आपल्या हातात आहे. पाठाआधीच सांगायचं, ‘मॅडम, मी उत्तरासाठी थांबते की नाही एवढंच आज बघाल का?’ नेमकं मागितलं की नेमकं मिळतं. सोबतचे छात्राध्यापक बरेचदा कॉलेजच्या मार्गदर्शकांपेक्षा बारकाईने पाहतात, फक्त मैत्रीखातर गोड बोलतात. एकमेकांना तसं न करण्याचा शब्द द्या.

दुसऱ्या वर्षीचे १६ आठवडे वेगळे असतात. इथे तुम्ही पाहुणे राहत नाही. परिपाठ, हजेरी, पोषण आहाराची पंगत, रजेवरच्या शिक्षकांची तासिका, चाचणीचे पेपर तपासणं, आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी, स्नेहसंमेलनाची तालीम, सगळं वाट्याला येतं. काही शाळांत एखादा दिवस पूर्ण शाळा छात्राध्यापक चालवतात, त्यांच्यातलाच एक छात्रमुख्याध्यापक होतो. या कामांना ‘वरकाम’ समजणारे बरेच भेटतात. मला तसं वाटत नाही. कोणतं मूल डबा आणत नाही, कोण रोज दुसऱ्या तासाला पोचतं, कुणाचे पालक सभेला कधीच येत नाहीत, हे तासिकेत कळत नाही. पंगतीत आणि हजेरीपटावर कळतं.

मराठवाड्यातल्या शाळेत आंतरवासिता असेल आणि ती दसरा-दिवाळीनंतर सुरू होत असेल, तर हजेरीपटात अचानक मोकळे चौकोन दिसतील. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर मुलंही कारखान्यांच्या टापूत गेलेली असतात. काही आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा वेळी ‘गैरहजर’ या शब्दामागे एक पूर्ण घर उभं असतं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच पाहिलं होतं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आंतरवासितेत एकदा तरी मुख्याध्यापकांना विचारून, वर्गशिक्षकांबरोबर, मुलांच्या वस्तीवर जाऊन यावं. मुलांचे फोटो मात्र परवानगीशिवाय काढू नयेत.

छोट्या जिल्हा परिषद शाळेत डी.एल.एड.ची आंतरवासिता करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, जी शहरातल्या मोठ्या शाळेत मिळत नाही: बहुवर्ग अध्यापन. दोन शिक्षक आणि चार वर्ग. पहिलीला मण्यांनी मोजायला बसवून तिसरीला वाचायला द्यायचं आणि त्याच वेळी चौथीचा भागाकार पाहायचा. अशा शाळेतले अनुभवी गुरुजी हे कसं जुळवतात, तिसरीतल्या मुलीला पहिलीतल्या मुलाशेजारी का बसवतात, ते विचारून लिहून घ्या. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरली नाही, त्यामुळे प्राथमिक शाळेतच शिकवायचं असेल तर अनुभवही त्याच वयाच्या मुलांमध्ये घ्यायला हवा.

शिस्तीचा प्रश्न प्रत्येकाला छळतो. नव्या सर-बाईंना मुलं आजमावतात, यात वावगं काही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. उठाबशा आणि वर्गापुढे केलेला अपमानही त्यात येतो. कधी एखादे जुने शिक्षक आपुलकीने सुचवतील, ‘एकदा दणका द्या, मग बघा.’ नम्रपणे नाही म्हणा. गोंधळ कधी होतो त्या क्षणांची यादी करा. बहुतेक गोंधळ वह्या वाटताना, गट करताना, फळा पुसताना, म्हणजे मुलांच्या हाताला काम नसताना होतो. ते सांधे आधीच आखले की आवाज चढवायची वेळ कमी येते.

ज्यांना अजून प्रवेश मिळालेला नाही पण शिक्षक व्हायचं आहे, त्यांनाही वर्गाजवळ जाता येतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात स्थानिक कॉलेजांतले आणि डाएटमधले तरुण घरोघर जाऊन मुलांचं वाचन तपासतात. साधन अगदी साधं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. आंतरवासितेच्या पहिल्याच आठवड्यात आपल्या वर्गातल्या प्रत्येक मुलाबरोबर, एकेकटं बसवून, असं पाच मिनिटांचं वाचन घेतलं तर पुढचे सगळे पाठ बदलतात. पाचवीचा धडा शिकवताना समोरच्या कुणाला अजून जोडाक्षरं अडतात, हे तुम्हाला ठाऊक असतं.

शेवटचा आठवडा निरोपसमारंभात, भेटकार्डांत आणि सह्या गोळा करण्यात जातो. त्यातला एक दिवस राखून ठेवावा आणि वर्गशिक्षकांसमोर बसून कागद द्यावा. तुम्ही घेतलेल्या घटकांत काय झालं, काय अर्धवट राहिलं. कोणत्या मुलांचं वाचन कुठपर्यंत आलं. कुणाला चष्म्याची गरज वाटते. तुमच्या गटात कोण कुणाबरोबर चांगलं काम करतं. सोमवारी तो वर्ग पुन्हा त्यांच्याकडे जाणार असतो, आणि अपूर्णांकांपाशी कोण अडलंय हे त्यांना सहामाहीपर्यंत नव्याने शोधत बसावं लागू नये. कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. नोकरीच्या पहिल्या जूनमध्ये, नव्या गावातल्या नव्या हजेरीपटासमोर, कोणते प्रश्न विचारायचे ते त्यातूनच मिळेल.