लिव्हिंग विल म्हणजे इच्छामरण नव्हे

‘लिव्हिंग विल’ची बातमी आली की मथळ्यात हमखास ‘इच्छामरण’ हा शब्द असतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की या कागदावर सही केली की डॉक्टर इंजेक्शन देऊन माणसाला मोकळं करतात. असं इंजेक्शन देणं भारतात आजही गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलं ते निराळंच आहे. आजार बरा होण्याची आशा उरली नसेल, तर नुसतं मरण लांबवणारे उपचार नाकारता येतात आणि तशी इच्छा आधीच, शुद्धीत असताना, लिहून ठेवता येते. व्हेंटिलेटर काढल्यावर माणूस जातो तो त्याच्या आजाराने.

हा कागद का हवा, हे अरुणा शानबाग यांच्या प्रकरणातून कळतं. केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना अन्न देणं थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली; वर्षानुवर्षं त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा त्या मागणीला ठाम विरोध होता. कळवळा दोन्ही बाजूंचा खरा होता. पण खुद्द अरुणाताईंना काय हवं असतं, हे खात्रीने सांगू शकेल असं कुणीच नव्हतं. हल्ला झाला तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या, त्यामुळे ‘म्हातारपणी बघू’ हा समजही इथे टिकत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इस्टेटीसाठी टपलेले वारस याचा गैरवापर करतील. भीती अनाठायी नाही. म्हणूनच २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सोपी करतानाही न्यायालयाने पहारे कायम ठेवले. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन लागतं. पुढे अंमलबजावणीची वेळ आलीच, तर आधी रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ आणि मग दुसरं तिघांचं मंडळ पडताळणी करतं. उपचार थांबवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तोवर हा कागद उघडायचाच नसतो, त्यालाच विचारायचं असतं, आणि त्याचं मन बदललं तर तो कधीही लेखी रद्द करू शकतो. माझ्या मते या कागदाचा मोठा उपयोग मुलांनाच आहे. आयसीयूबाहेरच्या बाकावर ‘बाबांची नळी काढायची का’ या प्रश्नाला ज्यांना उत्तर द्यावं लागतं, त्यांच्या मनाला ते आयुष्यभर टोचत राहतं. उत्तर बाबांनीच देऊन ठेवलेलं असेल, तर ते ओझं बरंच हलकं होतं.

मात्र नुसता कागद अर्धाच आहे. वेदना थांबवणारं कुणी नसेल तर निवड कसली? इथे मॉर्फिनबद्दलची भीती आडवी येते. मॉर्फिन म्हणजे शेवटचं औषध, त्याने व्यसन लागतं, श्वास बंद पडतो, असं सर्रास बोललं जातं. कर्करोगाच्या वेदनेसाठी ते लहान मात्रेपासून सुरू करतात, साधी गोळी असेल तर घड्याळ लावून दर चार तासांनी देतात, आणि वेदना पाहून हळूहळू वाढवतात. अशा वापरात व्यसन किंवा श्वास मंदावणं क्वचितच घडतं. हटकून होणारा त्रास बद्धकोष्ठाचा, म्हणून सोबत सारक औषध देतात. पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा) म्हणजे हात टेकणं, हाही तसाच समज. अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही सेवा सुरुवातीपासून मिळालेल्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं; त्यांचं मध्यक आयुष्यही ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. आयुष्य वाढल्याचं सगळ्याच अभ्यासांत दिसत नाही, पण जगण्याचा दर्जा सुधारल्याचं बहुतेक ठिकाणी दिसतं.

घरच्यांना सगळ्यात जड जातं ते जेवण थांबणं. ‘उपाशी मारायचं का’ म्हणत पेजेचा चमचा ओठांशी नेला जातो. शेवटच्या दिवसांत शरीरालाच अन्न नको होतं. भूक जाते ती मरण जवळ आल्यामुळे. जबरदस्तीने भरवलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ भिजवत राहणं, कूस बदलून देणं याने रुग्णाला खरा आराम मिळतो.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: जिथे गरिबाला साधे उपचार मिळत नाहीत, तिथे उपचार नाकारण्याच्या हक्काची चर्चा कशाला? पण पैसे संपले की ‘घरी घेऊन जा’ हे त्यालाच ऐकावं लागतं, आणि तो घरी जातो तो बहुधा वेदनेच्या औषधाशिवाय. ही त्याची निवड नसते. जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि ती मिळते जेमतेम १४ टक्क्यांना, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. केरळने २००८ मध्येच धोरण आखून घरी जाणाऱ्या परिचारिकांचं जाळं पंचायतींमार्फत गावोगावी नेलं. महाराष्ट्रात लिव्हिंग विलची प्रत जपायला स्थानिक संस्थांमध्ये कस्टोडियन नेमले गेले आहेत. तिथल्याच सरकारी दवाखान्यांत मॉर्फिनची गोळी आणि ती द्यायला शिकलेली परिचारिकाही तितक्याच निकडीने हवी.