निर्वाताची ओढ : जुन्या मोटारींतील वाऱ्याच्या दारांची परीक्षा

पेट्रोलवर चालणारें एंजिन हवा आंत ओढून घेतें, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत एका वाक्यांत उरकलेली असते. परंतु त्या ओढीकडून जुन्या मोटारींच्या कर्त्यांनीं आणखीही पुष्कळ कामें करून घेतलीं. त्यांपैकीं एक म्हणजे गाडींतील गरम व थंड वाऱ्याचीं दारें हलविणें. हें काम बंद पडलें असतां दोष कोठें आहे तें शोधण्याची रीत इतकी सोपी व बोधप्रद आहे कीं, ती आमच्या विद्यार्थिबंधूंस सांगावीशी वाटते. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या बाजूस हाताचे कसबी कारागीर आहेत. मात्र आधीं परीक्षा व मागून पाना, हा क्रम पाळणारे त्यांतही थोडेच.

चालकानें पाय उचलला म्हणजे हवेच्या वाटेवरील झडप जवळ जवळ मिटते. आंत दट्टे तर हवा मागतच असतात. त्यामुळें झडपेच्या पलीकडील नळींत दाब बाहेरच्यापेक्षां फार कमी होतो, व ह्यासच कारागीर व्हॅक्यूम म्हणतात. टॉरिसेलीनें 1643 सालीं पाऱ्याची नळी उपडी करून वातावरणाचा दाब सुमारें 30 इंच पाऱ्याएवढा असल्याचें दाखविलें. मोटारवालेही अद्याप त्याच इंचांत बोलतात. निरोगी एंजिन संथ चालत असतां समुद्रसपाटीजवळ मापकाचा कांटा सुमारें 17 ते 21 इंच दाखवितो. दर हजार फूट उंचीस सुमारें एक इंच उतरतो. म्हणून बदलापुरास 18 दाखविणाऱ्या गाडीनें खंडाळ्यास 16 दाखविले तर तो गाडीचा दोष नव्हे.

ह्या ओढीचा एक खोडकर स्वभाव आहे. पाय पूर्ण दाबला कीं झडप उघडते आणि ओढ जवळ जवळ नाहींशी होते. जनरल मोटर्स कंपनीनें 1928 सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. त्या काळच्या शेव्हरोले गाड्यांत कांच पुसणारा हात ह्याच ओढीवर चाले; तेव्हां घाट चढतांना, पाऊस ऐन भरांत असतां, तो हात नेमका थबके! पुढील कर्त्यांनीं ह्यावर उपाय म्हणून एक लहान टांकी व एकेरी झडप बसविली. टांकींतली हवा एंजिनकडे जाऊं शकते, परत येऊं शकत नाहीं. त्यामुळें चढावर पाय दाबला तरी कांहीं वेळ साठा पुरतो.

टांकीपासून बारीक नळ्या चालकासमोरील बटणाकडे, व तेथून वाऱ्याच्या पेटीभोंवतीं बसविलेल्या लहान डब्यांकडे जातात. प्रत्येक डबींत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा ओढून घेतली कीं दुसऱ्या बाजूची बाहेरची हवा त्यास ढकलते, पडद्यास जोडलेली कांब सरकते आणि दार फिरतें. म्हणजे खरें काम निर्वात करीत नाहीं, आपल्या भोंवतालचें वातावरण करतें. ओढ संपली कीं स्प्रिंग दार मागें नेते. बहुतेक गाड्यांत हें मागें जाणें पुढील कांचेकडे वारा सोडण्याच्या बाजूस ठेवलेलें असतें. कारण पाय गार पडले तरी चालेल, पण कांच आंधळी होऊन चालणार नाहीं. हेंच शहाणपण आगगाडीच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्यें होतें. वाफेच्या काळीं आमच्या कल्याण-कर्जत मार्गानें जाणाऱ्या मेलगाड्यांस तो असे. नळींत निर्वात राखला तर ब्रेक सुटलेले. सांखळी ओढली अथवा नळी फुटली कीं हवा आंत शिरून ते आपोआप लागत. आतां त्याची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकनें घेतली आहे.

आपल्या उष्ण प्रदेशांत हीटरची उठाठेव कशास, असें कोणी विचारील. थंड व गरम वारा एकाच पेटींतून येतो, हें त्याचें उत्तर. दोष पावसाळ्यांत अधिक जाचतो. नळी गळूं लागली कीं थंड वारा छातीकडे न येतां कांचेवर जातो. कांच गार होते, बाहेरची दमट हवा तीवर दंव धरते, आणि बिचारा चालक आंतून फडक्यानें कांच पुसत बसतो! दंव बाहेर आहे हें त्याच्या ध्यानांत येईपर्यंत समोरची रिक्षा फार जवळ आलेली असते.

आतां परीक्षा. कांटा जोडलेला हातपंप एवढेंच हत्यार पुरे. कित्येक कारागीर नळी तोंडांत धरून ओढून पाहतात. त्यानें आंकडा कळत नाहीं, आणि पेट्रोलची वाफ मात्र पोटांत जाते. प्रथम एंजिन संथ चालूं द्यावें व बटण फिरवीत कान द्यावा; फुसफुस ऐकूं आली तर अर्धा शोध झाला. मग एंजिनजवळच, वाऱ्याच्या पेटीकडे जाणारी नळी काढून तिचें तोंड व एंजिनाचें भोंक दोन्ही बुचानें बंद करावीं. अडखळणारें एंजिन तेवढ्यानें सुरळीत झालें, तर गळती त्या शाखेंतच आहे. ही गोष्ट हलकी मानूं नये. पेट्रोल गाडींत ब्रेकच्या पायास जोर देणारें साधन ह्याच ओढीवर जगतें. मोठी गळती तशीच ठेविली तर ब्रेक जड होऊं शकतो.

नंतर टांकीच्या बाजूस मापक लावून एंजिन बंद करावें. कांटा तत्काळ कोसळला तर एकेरी झडप, टांकी किंवा पुढील एखादी नळी फुटकी समजावी. शेवटीं एकेका डबीची नळी काढून पंपानें 15 इंचांपर्यंत ओढ द्यावी व मिनिटभर थांबावें. कांटा चढतच नाहीं अथवा हळूहळू उतरतो, तर पडदा फाटला. कांटा स्थिर पण कांब हलत नाहीं, तर डबी निर्दोष असून दारच अडकलें आहे. पेटींत वाळकीं पानें सांपडणें नवल नव्हे. दोन्ही ठीक असतील तर दोष बटणांत किंवा मधल्या नळींत. एंजिनच्या उष्णतेनें नळ्यांचीं टोकें कडक होऊन चिरतात. लांबी पुरत असल्यास अर्धा इंच कापून पुन्हां बसवावी. नळ्या काढण्यापूर्वीं त्यांचे रंग कागदावर लिहून ठेवावे, हें सांगावयास नकोच.

गरम पाण्याची झडप विसरूं नये. पुष्कळ गाड्यांत ती ओढीनें मिटते. ओढ गेली कीं उघडी राहते, आणि थंड वाऱ्यांत गरम वारा मिसळत राहतो. आमच्या एका परिचितांच्या गाडींत ह्याच कारणास्तव दोनदां गॅस भरण्यांत आला, आणि पैसे मात्र खरोखरीच निर्वातांत गेले.

डिझेल एंजिनास वर सांगितलेली हवेची झडप नसते, म्हणून ओढीसाठीं स्वतंत्र पंप लागतो. 1976 ते 1985 पर्यंत निघालेल्या डब्ल्यू 123 ह्या जर्मन मर्सिडीजच्या डिझेल गाड्यांत त्याच पंपावर दरवाज्यांचीं कुलुपें, वाऱ्याचीं दारें व एंजिन बंद करण्याची युक्ति अशीं तिन्ही कामें सोंपविलेलीं असत. कुलुपाची नळी गळली, तर चालक किल्ली हातांत घेऊन उभा आणि एंजिन आपलें चालूच! दुखणें एका ठिकाणीं व कण्हणें दुसऱ्या ठिकाणीं असतें तें असें. हिच्या मागून आलेली डब्ल्यू 124 ही 1995 पासून पुण्यास जुळविली जाऊं लागली. तींतही वाऱ्याचीं दारें पडद्याच्या डब्यांनींच हलतात.

सर्व जोडून झाल्यावर कर्जत-खोपोलीवरून बोरघाटाच्या चढास गाडी घालावी, आणि वारा छातीकडे सोडून पाय दाबावा. मिनिटभर वारा तेथेंच राहिला तर काम झालें. तो लगेच कांचेकडे वळला, तर एकेरी झडप पुन्हां तपासावी.